जिंकलेलं कडवं

बिश्केक, १४ नोव्हेंबर

सागिन,

फोन तू उचलत नाहीस. तीन आठवड्यांत किती वेळा केला ते सांगत नाही, हसशील. म्हणून हे पत्र आपल्या आत-बाशीच्या गाडीवाल्या कादिरच्या हाती देतोय. तो म्हणाला, एरनझार भाऊ, हल्ली पत्रं कोण लिहितं? म्हटलं, ज्याचा फोन कुणी उचलत नाही तो लिहितो.

आधी कामाचं. टीव्हीवाला कुबानिच नवीन वर्षाला सवाल-जवाबाचा मोठा कार्यक्रम करतोय आणि त्याला आपली जोडी हवी आहे. वीस वर्षं आपण दोघं शेजारी शेजारी बसून, कोमुझ मांडीवर घेऊन, एकमेकांची अब्रू काढत आलो. लोक लांबलांबून तेवढ्यासाठी यायचे. आपल्या धंद्यात एकट्यानं गाता येत नाही, शेजारी टोचणारा लागतो. मला तुझ्याइतकं कुणी टोचलेलं नाही.

ऑक्टोबरात जे झालं ते मंचावरचं होतं. मंचावरचं मंचावर सोडायचं, हे आपल्या एस्तेबेस उस्तादांनीच शिकवलं ना? सुरुवात तू केलीस. हजार माणसांसमोर गायलास की एरनझार मंत्र्यांच्या मेजवान्या झोडून सुटलाय, त्याच्या कोमुझच्या तारांना मटणाची चरबी चढलीय, तो आता शब्द फ्रीजमधून काढतो आणि गरम करून वाढतो. लोक पोट धरून हसले. मी रागावलो का? नाही. मी फक्त उत्तर दिलं. चार ओळी. पंचांनी बक्षिसाची पांढरी जीप मला दिली, यात माझा काय दोष?

तू मात्र कोमुझ खाली ठेवलास, टोपी काढून लोकांना वाकून सलाम केलास आणि चालता झालास. तेव्हापासून इथं सगळे माझ्याशी घरात आजारी माणूस असल्यासारखे हळू आवाजात बोलतात.

तुझी बेगिमाय पहिल्या रांगेत बसली होती हे मला माहीत नव्हतं. दिवे डोळ्यांवर होते. पोर लहान आहे, विसरेल. अनारकान वहिनींना सलाम सांग. कार्यक्रमाचं काय ते कादिरकडे कळव.

एरनझार


बिश्केक, ३ डिसेंबर

सागिन,

कादिर रिकाम्या हातानं आला. म्हणाला, सागिनभाऊंनी पत्र घेतलं, खिशात घातलं आणि घोड्यांना चारा टाकायला गेले. म्हणजे वाचलंस की नाही ते कळलं नाही.

कुबानिचनं तुझ्या जागी दुसरे बघायचे ठरवले. तलासच्या बाईला विचारलं, ती म्हणाली घसा बसलाय. ओशच्याला विचारलं, तो म्हणाला घरी लग्न आहे. तिसरा पोरगा काल-परवापर्यंत माझ्या पाया पडायचा. तो सरळ म्हणाला, 'काका, तुमच्या शेजारी बसायचं म्हणजे आधी घरातली सगळी माणसं मोजून ठेवायला हवीत. कुणाला कधी बाहेर काढाल नेम नाही.' त्याला कानाखाली द्यावीशी वाटली पाहिजे होती. वाटली नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं माझं झालंय. चावतो, पण काय चावतो ते कळत नाही.

तुर्सुनाय मला सोडून भावाकडे गेली. भांडली नाही. त्या रात्री हॉलमधून आली, पिठाचे हात धुतल्यासारखे दोन्ही हात नळाखाली धरून उभी राहिली, आणि सकाळी बॅग भरली. मी म्हटलं, अगं, जिंकलोय आपण. ती म्हणाली, 'तू जिंकलास. मी कुठं खेळत होते?'

ते कडवं लिहून बघतो. लिहिलं की लहान दिसेल असं वाटतंय.

माझ्या शब्दांना शिळं म्हणतोस, तुझं ताजं काय रे?
अंगणात जे शिंगरू नाचतं, त्याची कुठं माय रे?
घोडी माझी, दूध तिचं, मी दोर दिला हाती,
सांग सागिन, तुझ्या घरात कुणाची आहे माती?

लहान नाही दिसलं. चांगलं आहे रे कडवं. हेच तर वाईट आहे. लोकांनी अर्थ कळायच्या आधी 'बारेकेल्दे' म्हणून टाळ्या दिल्या, आणि अर्थ कळल्यावर हात मांडीवर ठेवले. त्या दोन्हींच्या मध्ये जो वेळ गेला, तेवढाच मी खरा जिंकलेला होतो.

आपल्यात पोर देतात. कुणी ते बोलत नाही, पण देतात. अनारकान वहिनींची पाच बाळं पोटातच गेली होती. तुर्सुनायला चौथं राहिलं तेव्हा तिनंच कणीक मळता मळता सांगितलं, हे पोटातलं त्यांचं. मी नुसती मान डोलावली. जन्मल्या जन्मल्या सुईणबाईंनी बेगिमायला अनारकानच्या कोटाच्या घेराखालून काढून तिच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे ती तिच्याच पोटची झाली. तुर्सुनायनं छाती फडक्यानं आवळून बांधली आणि आठ दिवस ताप अंगावर काढला. उस्ताद म्हणाले, दिलेलं मोजायचं नाही, नावही काढायचं नाही, पोरीला तर जन्मात कळता कामा नये. आपण दोघांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि सतरा वर्षांत कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही. भांडखोर शेजारणीही कधी बोलल्या नाहीत.

बोललो मी. ज्यानं नुसती मान डोलावली होती तो.

एरनझार


बिश्केक, २० डिसेंबर

सागिन,

उस्ताद येऊन गेले. ब्याऐंशी वर्षांचे झालेत, सहाव्या मजल्यापर्यंत जिना चढून आले, लिफ्ट बंद होती. मला वाटलं, आता हे तळवे उलटे करून शाप देणार. मी समोर गुडघ्यांवर बसलो सुद्धा. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, 'उलटे हात करायचे नाहीत मला. शाप द्यायलाही माणूस आपला लागतो.'

मग चहा पीत बसले आणि मला विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं? मी म्हटलं, शब्द आला नाही. खरं तेवढंच होतं. तू तो फ्रीजचा टोला दिलास आणि मी तोंड उघडलं तर आत काही नव्हतं. तार वाजवत राहिलो. एक फेरा, दोन फेरे. लोक कुजबुजायला लागले. सागिन, तुझं बरोबर होतं रे. चार वर्षं मी नवीन एक ओळ बांधलेली नाही. राज्यपालाच्या साठीला जे गायलो तेच कारखानदाराच्या पन्नाशीला, नुसतं नाव बदलून. सकाळी डोंगरावर जाऊन दगडाशी भांडायचं, झाडाशी भांडायचं, तो आपला सराव मी सोडला. कशाला करायचा? तसंही सगळे टाळ्या द्यायचे. तू मात्र करत होतास. तुझ्या आवाजावरून कळायचं मला, आणि राग यायचा.

हे सगळं मी उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, शब्द आला नाही तर गप्प बसायचं, टोपी काढायची, हरायचं. 'मी चाळीसेक वेळा हरलोय. लोक दुसऱ्या दिवशी मला जेवायलाच बोलवायचे. हरलेल्याला मटणाचा मोठा तुकडा वाढतात, तुला माहीत नाही, कारण तू कधी हरला नाहीस.'

जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, पोरीला पाहिलं होतंस का रे तू? मी नाही म्हटलं. ते खाली उतरून गेले.

मी पाहिलं होतं. दिवे डोळ्यांवर नव्हते. तिनं तुर्सुनायनं विणलेला तो निळा रुमाल बांधला होता आणि तुझ्या फ्रीजच्या ओळीवर सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसत होती. बापाच्या ओळीवर हसावं तशी. मला तिचा राग आला. माझं रक्त आणि हसते माझ्यावर. तिला बघूनच ते कडवं सुचलं. इतकं भराभर, की वर्षानुवर्षं असं काही सुचलं नव्हतं. आनंद झाला मला तेव्हा. हे उस्तादांना सांगवलं नाही, तुला सांगतोय.

एरनझार


बिश्केक, १२ जानेवारी

सागिन,

बेगिमाय इथं येऊन गेली, हे तुला ठाऊक नसेल. तिला बोलू नकोस.

दोन दिवस आधी तिचा निरोप आला, भेटायचंय. मला काय वाटलं ते सांगतो, लाज वाटली तरी सांगतो. मला वाटलं, रक्तानं ओढलं. मी बाजारातून कोकराचं मटण आणलं, मधाचा केक आणला, दाढी केली. आणि कुबानिचला फोन केला. तो गेला महिनाभर एकच धरून बसला होता. सवाल-जवाब गेला खड्ड्यात, म्हणाला, बाप-लेकीची भेट दाखवू, नौरोझच्या सणाला, सगळा देश रडेल, लोक तुझं सगळं माफ करतील. मी त्याला कळवलं की पोर येतेय. ती आली तेव्हा खाली गाडीत कॅमेरावाला बसलेला होता.

ती आत आली, कोट काढला नाही. स्टुलावर बसली, केकाकडे बघितलं नाही. उंच झालीय. कपाळ तुर्सुनायचं आहे, पण बसते तुझ्यासारखी, गुडघे लांब ठेवून.

म्हणाली, बाबा बोलत नाहीत. सकाळी घोड्यांकडे जातात, अंधार पडल्यावर येतात, माझ्या ताटात चांगला तुकडा सरकवतात आणि दुसरीकडे बघतात. आई रोज विचारते, तू जाणार का गं? मी शाळेला निघाले तरी विचारते. माझा हिवाळ्याचा कोट तिनं पेटीत घालून कुलूप लावलंय. हा मी मैत्रिणीचा घालून आले.

मी काहीतरी बोलायला लागलो. रक्त, नाती, तुझ्या आईनं, म्हणजे तुर्सुनायनं, किती सोसलं वगैरे. माझं नेहमीचं चालू झालं, साठीला आणि पन्नाशीला गातो तसलं. तिनं मधेच तोडलं.

'खोटं होतं म्हणून सांगा.'

'बेगिमाय, ते खोटं नाही.'

'मी तुम्हाला खरं-खोटं विचारायला आलेच नाही. खरं काय ते मला शाळेत बाकावर लिहून दाखवलं पोरांनी. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, तर सगळ्यांसमोरच सांगा की खोटं बोललो. म्हणजे आई पेटी उघडेल.'

मी म्हटलं, अगं, आमच्यातल्यानं मंचावर खोटं गायलं असं त्यानंच कबूल केलं, तर तो संपला. हरलेला चालतो, म्हातारा चालतो, दारुडासुद्धा चालतो. खोटा चालत नाही. मला उभ्या जन्मात कुणी बोलावणार नाही.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच. 'आता कोण बोलावतंय?' म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, असं वाटलं. मला कुबानिचचं नाव सांगावंसं वाटलं आणि तोंडातच राहिलं.

ती गेली. कॅमेरावाल्याला मी वर बोलावलं नाही, हा काही माझा मोठेपणा नाही, मला खुर्चीवरून उठता आलं नाही एवढंच. खाली त्यानं तिचं चित्र घेतलं की नाही, माहीत नाही. नंतर कुबानिच फोनवर ओरडत होता, मी तो टेबलावर ठेवून दिला आणि मटण शिजवलं. एकट्यानं खाल्लं. चव लागली नाही.

एरनझार


आत-बाशी, २४ मार्च

सागिन,

पत्तासुद्धा एकाच गावचा, तरी लिहितोय. तू नौरोझच्या कार्यक्रमाला आला नाहीस, वरच्या कुरणात होतास म्हणे. घोड्या व्यायला आल्यात हे मला कळतं. पण तिथं काय झालं ते तुला चार जण चार तऱ्हांनी सांगतील, म्हणून मीच सांगतो.

यायच्या आधी तुर्सुनायला फोन केला. तिला विचारल्याशिवाय कसं करणार? मी जे बोलणार होतो, त्यानं तिचे नऊ महिने खोटे ठरणार होते. मी आडून आडून सांगत होतो, तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, 'सतरा वर्षं मी हेच म्हणतेय, एरनझार. तू एकदा म्हण.' आणि फोन ठेवला.

जीप पंचांना परत केली, कादिरच्याच गाडीनं आलो. कुबानिचला सांगितलं होतं की ये, कॅमेरा घेऊन ये, तुला हवं ते मिळेल. तो दोन गाड्या घेऊन आला.

क्लबात सगळं गाव होतं. बाहेर कढयांमध्ये सणाची गव्हाची खीर, सुमोलोक, ढवळत होते, त्याचा वास आत येत होता. मंचावर दोन खुर्च्या टाकल्या होत्या, सवयीनं टाकल्या असतील कुणी. मी बसलो नाही. कोमुझही काढला नाही. कडव्यात म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, यमक जुळवायला बोलला. साधंच बोललो. आवाज मोठा लागला, कारण क्लबातला माइक खरखरतो.

म्हटलं, ऑक्टोबरात मी सागिनवर जे गायलो ते खोटं होतं. मला शब्द सुचत नव्हता. मी हरत होतो. म्हणून मी त्याच्या घरावर चिखल फेकला. बेगिमाय सागिनची आणि अनारकानची मुलगी आहे. माझा तिच्याशी काही संबंध नाही.

हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. आलं.

आपलं गाव आहे ते, सगळ्यांना खरं माहीत आहे. दुसऱ्या रांगेत आपल्या सुईणबाई बसल्या होत्या, त्यांनीच तर नाळ कापली. काठी टेकत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. त्या कुबानिचच्या कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, 'बरोबर बोलतोय तो. अनारकानचं बाळंतपण मी केलंय. पोर पायाळू होती, फार त्रास दिला तिनं अनारकानला. हा मेला खोटारडा आहे.' आणि बसल्या. मग एस्तेबेस उस्ताद म्हणाले, मी साक्षी आहे. मग तुझा शेजारी. मग कादिर, जो तेव्हा स्वतःच शाळकरी पोर असेल. एकेक जण उठून माझ्याविरुद्ध खोटी साक्ष देत होता, आणि मी उभा राहून हो हो म्हणत होतो.

सागिन, इतके महिने काही वाटत नव्हतं, तिथं वाटलं. दुखलं खूप.

कुबानिचनं ते त्याच संध्याकाळी दाखवलं. काल शाहिरांच्या मंडळानं माझी पदवी काढून घेतली, नाव यादीतून खोडलं. बिश्केकात पोरं माझ्या तोंडी खोटी कडवी घालून फोनवर फिरवतायत म्हणे. त्यातली दोन कादिरनं ऐकवली, एक बरी होती. आता मला कुणी बोलावणार नाही. मीही विचारणार नाही, आणि तुला शेजारी बस असंही म्हणणार नाही. उस्तादांच्या मेंढ्यांकडे बघायला माणूस नाहीये, उन्हाळाभर तिथं राहीन.

तुला जे सांगायचं होतं ते वेगळंच आहे. कार्यक्रम झाल्यावर लोक माझ्या बाजूनं वाट काढत बाहेर गेले. मी दाराशी उभा होतो. बेगिमाय चहाचा वाडगा घेऊन आली. वहिनींकडून पेटीची किल्ली घेऊन घरी जाऊन आली असावी, तिचा स्वतःचा कोट होता अंगावर, तपकिरी, कॉलरला लोकर लावलेला. वाडगा दोन्ही हातांनी पुढं धरला, अनोळखी म्हाताऱ्याला देतात तसा, आणि म्हणाली, काका, घ्या. मी घेतला. तिनं मान लववली.

मग ती अनारकान वहिनींकडे गेली. वहिनी अजून बाकावरच बसल्या होत्या, रुमालाच्या टोकाशी चाळा करत. बेगिमायनं त्यांना हाताला धरून उठवलं. मी तीन हातांवर होतो, मला नीट ऐकू आलं. ती म्हणाली, 'आई, चल लवकर. बाबा वर एकटेच असतील, त्यांना भूक लागली असेल.'

त्या वर पोचल्या तेव्हा तिनं तुला हे सांगितलं नसणार, म्हणून मी लिहिलं.

एरनझार